टीव्हीकडे पाठ करून बसणाऱ्या विमलमावशी

विमलमावशी तो गेम आयुष्यात एकदाही खेळल्या नाहीत. तरीही राहुरीत तो सगळ्यात कमी वेळात कोण संपवतो, याचा निकाल त्यांच्याशिवाय लागत नसे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांची एक लांबट खोली होती. दाराशी त्या साड्यांना फॉल लावत बसायच्या आणि आत तीन टीव्हींवर व्हिडिओ गेमची तीन मशीनं चालायची. सुईला उजेड हवा म्हणून त्यांचं तोंड रस्त्याकडे असे आणि पाठ टीव्हीकडे. नवखा माणूस आधी दचकायचाच, कारण पाठमोऱ्या बसलेल्या या बाई मध्येच म्हणायच्या, "दोन नंबर, मेलास न्हवं? ऊठ, दुसऱ्याला बसू दे."

मी राजूरचा. कृषी विद्यापीठात शिकायला राहुरीला आलो ते साल पंच्याण्णवच्या आसपासचं. वर्गात पिकांवरच्या किडी पाठ करत होतो, पण जीव अडकला होता तो उड्या मारत पळणाऱ्या एका बुटक्या गड्यात. खड्डे ओलांडायचे, आगीचे गोळे चुकवायचे आणि शेवटच्या किल्ल्यातल्या राक्षसाला खाली पाडायचं, एवढाच तो गेम. तो संपवणारे पुष्कळ होते. भांडण असायचं ते किती मिनिटांत संपवला याचं. एकदा प्रकरण हमरीतुमरीवर आलं, कपाटाची काच फुटली, आणि दुसऱ्या दिवशी मावशींनी भिंतीवर फळा टांगला.

नियम सगळे त्यांचे स्वतःचे. रेकॉर्ड इथेच करायचा, सगळ्यांसमोर. लाईट गेली की पहिल्यापासून. गेममधल्या भुयारातून एकदम पुढे निघालं तर चालेल, कारण "वाट गेमवाल्यानंच ठिवलीय, मंग ती चोरवाट कशी?" आणि ज्याचा रेकॉर्ड मोडायचा, वेळ मोजायचं स्टॉपवॉच त्याच्याच हातात द्यायचं. तो मुद्दाम उशिरा बटण दाबेल की, असं मी पहिल्याच आठवड्यात शहाणपणा करून म्हणालो. मावशींनी मानही वर केली नाही. "दाबू दे. सगळी बगत असत्यात, आन् उद्या त्यालाबी हितंच यायचंय," म्हणाल्या.

सोनईहून एकजण टीव्हीचा फोटो घेऊन आला होता. शेवटचा किल्ला पडल्याचा फोटो, आणि पठ्ठ्याचं म्हणणं सहा मिनिटांत. मावशींनी फोटो उजेडात धरून निरखला. "ह्यात घड्याळ हाय का? मंग हा टीव्हीचा फोटू हाय, रेकॉर्डचा न्हाई," असं म्हणून परत दिला, आणि त्याला चहा पाजून घालवलं. हा काटेकोरपणा कुठून आला असं मी विचारलं, तेव्हा कळलं की त्यांचे वडील साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर होते. काट्यावरच्या माणसानं गाडीवानाचं तोंड बघायचं नाही, काटाच बघायचा, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

फळ्यावर वर्षभर एकच नाव होतं, अंबादासभाऊंचं. चाळिशीचा हा गृहस्थ दुधाचा टेम्पो चालवायचा. सकाळचं दूध पोचवलं की दुपारी एक नंबरच्या टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायचा. त्यांची वेळ होती साडेसात मिनिटं. पोरं त्यांच्या टेम्पोला रस्त्यात हात करायची आणि ते हॉर्न वाजवून सलामी घ्यायचे. घरी बायकोला या कीर्तीचा पत्ता नव्हता, तेवढी खबरदारी त्यांनी घेतली होती.

तीन नंबरचं मशीन मावशींच्या भाच्यानं आणलेलं. तो जहाजावर नोकरीला होता, परदेशातून घेऊन आला. आपल्या टीव्हीवर त्याचे रंग उमटत नसत, सगळं काळंपांढरं दिसे, म्हणून त्याच्यावर कुणी बसत नसे. मी बसू लागलो आणि पुढे त्याच्यावरच बसायला लागलो. एका दुपारी अंबादासभाऊंच्या हातात घड्याळ दिलं आणि खेळलो. राक्षस पडला त्याच क्षणी त्यांनी बटण दाबलं. आकडा दोनदा वाचला आणि मोठ्यानं सांगितला, सहा मिनिटं बावन्न सेकंद. मावशींनी उठून फळ्यावर माझं नाव लिहिलं. मी अख्ख्या होस्टेलला भेळ खाऊ घातली. अंबादासभाऊंनी माझ्या पाठीवर थाप मारली, "हात म्हातारं झालं आमचं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून यायचे बंद झाले. पोरांनी हात केला तरी हॉर्न वाजेना. मला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण तेव्हा मी हवेत होतो.

दिवाळीच्या तोंडावर एका शिक्षिकेनं साडी परत आणली. फॉलचे अर्धे टाके बारीक आणि अर्धे ढांगा टाकल्यासारखे लांब. मावशींकडे असं कधी झालं नव्हतं. बाई गेल्यावर त्या साडी मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसल्या. मग ही साडी शिवली त्या दुपारी कोण खेळत होतं, याची चौकशी केली. आधी कुणीतरी एक नंबरवर होतं, नंतर मी तीन नंबरवर. मावशी हळूच म्हणाल्या, "माजा हात गान्यावर चालतोय. तीन नंबरचं गानं पळतंय."

त्यांनी लगेच परीक्षा मांडली. एक नंबर आणि तीन नंबरवर तोच गेम, दोघांनी एकाच वेळी बटण दाबायचं, पुढे कुणी हात लावायचा नाही. दोन्ही गडी जागच्या जागी उभे. या गेममध्ये ठरलेला वेळ संपला की गडी आपोआप मरतो. तीन नंबरचा मेला तेव्हा एक नंबरच्याचा बराच वेळ शिल्लक होता. ते मशीन परदेशातल्या टीव्हीसाठी बनवलेलं, मुळातच भरभर चालणारं, हे पुढे रेडिओ दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. मग मावशींनी मला एक नंबरवर खेळायला लावलं. आठ मिनिटं उलटून गेली तरी मी किल्ल्यात चाचपडतच होतो. पोरं पोट धरून हसली. मावशी हसल्या नाहीत. ओल्या फडक्यानं माझं नाव पुसलं आणि फळा तसाच कोरा ठेवला. अंबादासभाऊंचं नाव त्यांच्यादेखत लिहायचं, म्हणाल्या.

संध्याकाळी त्या मला घेऊन दूध केंद्रावर गेल्या. तिथे किटल्या घेऊन माणसांची रांग लागली होती आणि अंबादासभाऊ टेम्पोत कॅन चढवत होते. त्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मावशी रांगेसमोर उभ्या राहिल्या.

"अंबादासभाऊ, रेकॉर्ड तुमचाच हाय. मशीन पळत हुतं, ह्यो न्हाई. मी न तपासता लिवलं, चूक माजी झाली. माफी मागायला आले."

रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं कुठल्या गाईचा रेकॉर्ड, म्हणून विचारलं. अंबादासभाऊंनी हातातला कॅन खाली ठेवला. मला वाटलं, हसतील.

"म्हंजी, ताई, माजा हात गेला न्हाई?"

"कुटं जातोय? उद्या दुपारच्याला या."

त्यांचे डोळे भरून आले. चाळिशीचा माणूस, एका गेमपायी, दुधाच्या रांगेसमोर. आपण या माणसाचं काय नेलं होतं, ते मला तेव्हा कळलं आणि मान वर करवेना.

परतताना मावशींनी एकच विचारलं. "तू रोज त्याच्यावर बसायचास. तुला न्हाई का रं कदी जानवलं?"

मी म्हणालो, "नाही, मावशी."

"आसंल," म्हणाल्या, आणि दिवाळीच्या साड्या किती उरल्यात त्याबद्दल बोलू लागल्या. दुसऱ्या दिवशी अंबादासभाऊ आले, फळ्यावर नाव चढलं, आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न पुन्हा वाजू लागला. पुढची दोन वर्षं माझ्या दुपारी तिथेच गेल्या, एक नंबरवर. आठ मिनिटांच्या आत काही आलो नाही, पण त्या खोलीइतकं सुख मला राहुरीत दुसरीकडे कुठे मिळालं नाही.

शिक्षण संपलं आणि मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत लागलो. मावशी गेल्याचं मला अंबादासभाऊंनी कळवलं. फोनवर आम्ही दोघं बराच वेळ त्यांच्याबद्दल बोललो, हसलोही. एक गोष्ट मात्र मी त्यांनाही सांगितली नाही. तीन नंबरवर बसू लागलो त्याच आठवड्यात, खोलीत दुसरं कुणी नसताना, मी एक आणि तीन नंबर अशा दोन्ही मशीनवर पहिला टप्पा मनगटावरचं घड्याळ लावून खेळून बघितला होता. मावशी तेव्हा दाराशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांनी माझं ते "नाही" खरं मानलं, की नुसत्या आवाजावरून ओळखून मला सोडून दिलं, ते आता विचारता यायचं नाही.

मला माहीत होतं, मावशी.