तिजोरीतला आवाज

कोल्हापुरात मोबाईलचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी आहे आणि मी तिथं कामाला आहे, असं सांगितलं की लोक हसायचे. "कोल्हापुरात व्हय? चपला बनवा की, गूळ बनवा," म्हणायचे. शाहूपुरीत एका टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. गाणी, फोटो, रेकॉर्डिंग, मोबाईलमध्ये जे जे साठवलेलं असायचं ते चालवायची आणि सांभाळायची सॉफ्टवेअरं आम्ही बनवायचो. बटणांचे मोबाईल होते तेव्हा.

माझ्याकडे 'बातम्या आणि टिपा' हे सदर होतं. दर सोमवारी कंपनीच्या वेबसाइटवर एक बातमी आणि एक टीप टाकायची. बातमी नेहमी चांगलीच असायची, वाईट बातमी द्यायची आमच्याकडे पद्धतच नव्हती. सॉफ्टवेअरमधला मराठी आवाजही माझाच होता. खाली हवा भरायचं मशीन बंद पडलं की तेवढ्या शांततेत मी 'नमस्कार', 'फाइल जतन झाली', 'थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा' अशी वाक्यं रेकॉर्ड केली होती. मालक समोर बसून सांगायचे, "हसून म्हण. माणसाला बरं वाटलं पायजे."

मालकांच्या घरची पूर्वी खानावळ होती. रस्सा आधी घरच्यांनी जेवायचा, मगच गिऱ्हाइकाला वाढायचा, हा तिथला नियम त्यांनी कंपनीतही लावला. आम्ही 'तिजोरी' तयार केली तेव्हाही तसंच झालं. तिजोरीत रेकॉर्डिंग ठेवलं की त्याला कुलूप लागायचं आणि बाहेरची मूळ प्रत पुसली जायची. उघडताना मोबाईल आमच्या सर्व्हरला विचारायचा, सर्व्हरनं होकार दिला तरच आवाज यायचा. मालक सगळ्यांना म्हणाले, "जुनंपानं टाकून चालायचं न्हाय. ज्यात जीव अडकलाय त्ये ठेवा. आपला भरवसा न्हाय, तर लोकांचा कसा बसंल?"

माझा जीव ताईच्या आवाजात अडकला होता.

ताई वारणानगरला राहायची. तिच्या घशाला कॅन्सर झाला. ऑपरेशन केलं तर जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मिरजेला दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी मी तिचाच मोबाईल तिच्यापुढे धरला. म्हटलं, लेकीसाठी काहीतरी बोलून ठेव. मला वाटलं, आशीर्वाद देईल, चार शहाणपणाच्या गोष्टी सांगेल. ताईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "जेवायला ये गं." मग, "तोंड धुतलंस का?" मग, "सरळ बस, मान हलवू नको. वेणी वाकडी येती मग." शेवटी, "ये हिकडं, मुका दे." आणि हसली. एवढंच.

ताईचं बरोबर होतं. ऑपरेशननंतर तिचा संसार त्या चार वाक्यांवर चालायचा. तीन वर्षांची भाची अंगणात खेळत असली की ताई मोबाईल उंच धरून बटण दाबायची आणि पोरगी जेवायला यायची. सकाळी वेणी घालताना मोबाईल मांडीवर. पोरीनं मान हलवली की ताई कोपरानं बटण दाबायची, "सरळ बस, मान हलवू नको." भाऊजी म्हणायचे, "आता तर ही बटण दाबून भांडती." ताई आवाज न करता खदखदून हसायची. तो मोबाईल हरवला, कार्ड खराब झालं तर काय, या विचारानं माझी झोप उडालेली असायची. म्हणून ताईला विचारून मी ती चारही वाक्यं तिजोरीत ठेवली आणि त्या सोमवारी बातमी लिहिली: आमची तिजोरी जगात सर्वांत सुरक्षित. टीप लिहिली: बाहेर दुसरी प्रत ठेवू नका.

पुढे नवे मोबाईल आले, आमचं सॉफ्टवेअर कुणाला लागेना. पण हे मी आज सांगते आहे. तेव्हा मालक जे सांगायचे ते मी लिहायचे. कंपनी मोठ्या जागेत जाणार. कंपनी पुण्यात शाखा काढणार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेवटची बातमी मला पाठ आहे: सर्व्हर बदलण्याचे काम सुरू असल्याने थोडी गैरसोय होईल. ती मी लिहिली आणि ती मलाच खरी वाटली. पुढच्या सोमवारी ऑफिसला कुलूप होतं. टायरवाला म्हणाला, "सामान तर कवाच गेलं की. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

ज्यानं तिजोरी बनवली होती त्या सहकाऱ्याला मी उचगावला जाऊन गाठलं. ताईचा आवाज बाहेर काढून दे, म्हटलं. "कुलूप मीच केलंय," तो म्हणाला. "पण किल्ली सर्व्हरवर हुती आणि सर्व्हर भाड्याचा. भाडं थकलं तसा त्यो पुसला सर्व्हरवाल्यांनी. मलाबी उघडायचं न्हाय."

"लई चांगलं केलंस की मग," मी म्हटलं.

मालकांच्या घरी भांडायलाच गेले होते. ते दारात आले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या लेकीचं पहिलं बोलणं बी आतच हाय गं." नियम त्यांनीही पाळला होता. मग भांडणार तरी कुणाशी? तशीच घरी आले.

वारणानगरला गेले तेव्हा ताई भाचीची वेणी घालत होती. पोरीनं मान हलवली. ताईनं कोपरानं बटण दाबलं आणि मोबाईलमधून माझा हसरा आवाज आला, "थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा." ताईनं पुन्हा दाबलं. पुन्हा मीच. मी तिला खरं सांगितलं. ती ऐकत होती, पण बटण दाबायचं थांबली नाही. पुढे कितीतरी महिने ती रोज सकाळी दाबत राहिली म्हणे, थोडा वेळ झाला असेल या आशेवर.

भाची मोठी झाली, कॉलेजला जायला लागली. एकदा मी वारणानगरला गेले असताना तिची मैत्रीण घरी आली होती. तिनं हळूच विचारलं, "तुझ्या आईचा आवाज कसा हुता, आठवतोय का?"

"आठवतोय की," भाची म्हणाली. "मोबाईलवर हुता. लई गोड. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा, म्हणायची."

ताई शेजारीच भाजी निवडत होती. तिनं माझ्याकडे बघितलं, आणि मग पोरीकडे बघून मान हलवली, व्हय म्हणून. ताईच्या घरात मी आता फारसं बोलत नाही.