न उघडलेलं पिस्तूल

बायकोसाठी पिस्तूल घ्यायला आलेला नवरा दारातच ओळखू यायचा. तो पुढे, बायको दोन पावलं मागे, आणि काउंटरपर्यंत पोहोचायच्या आत त्याचं ठरलेलं असायचं: सगळ्यांत छोटं दाखवा. बाईचा हात छोटा, म्हणून पिस्तूल छोटं, एवढंच त्याचं गणित. वनेटा प्रुइट हे गणित बावीस वर्षं खोडून काढत होती आणि बावीस वर्षं रोज नवा शहाणा तेच घेऊन येत होता.

ती भांडायची नाही. काचेवर हिरवं फ्लॅनेल अंथरायची आणि त्यावर तीन हत्यारं मांडायची. पहिलं अगदी छोटं, पँटच्या पुढच्या खिशात नाहीसं होणारं. दुसरं त्याहून बोटभर लांब, त्याला सैल शर्ट लागायचा, पण मुठीत करंगळीसकट सगळा हात बसायचा. तिसरं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, ज्यात मागे ओढायचं काहीच नाही. मग ती बाईकडे वळायची. "नवऱ्याला राहू दे बाजूला. हात दे इकडे. हे ओढून बघ."

छोट्या पिस्तुलाचं वरचं सरकतं झाकण बहुतेकींना ओढता यायचं नाही. आतली स्प्रिंग आखूड, म्हणून कडक. वजन कमी, म्हणून बार उडाला की सगळा दणका मनगटात. "लपवायला सोपं ते चालवायला कठीण," वनेटा म्हणायची. "एकदा उडवशील, हात सुजेल, आणि मग ते मोज्यांच्या खणात जाऊन पडेल. चोर आला की त्याला सांगशील का, थांब, खण उघडते?" बायका हसायच्या. नवरे हसायचे नाहीत.

केल्सो स्प्रिंग्जमध्ये, म्हणजे आर्कान्साच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात, बाईचं ऐकून घेणारी जागा फारशी नव्हती. चर्चमध्ये पाद्री बोलायचा, घरात नवरा बोलायचा, आणि कोंबड्यांच्या कारखान्यात सरकता पट्टा बोलायचा. त्या पट्ट्यासमोर वनेटानं चौदा वर्षं काढली होती. बर्फगार कोंबडी, हातात सुरी, मिनिटाला चाळीस पंख. नवरा गेला त्या वर्षी हॅस्केल लॉटनं तिला आपल्या बंदुकांच्या दुकानात घेतलं, कारण बायका गिऱ्हाइकं वाढत होती आणि त्याच्याशी बोलायला लाजत होती. तेव्हापासून मोठमोठे शिकारी गप्प उभे राहून तिचं ऐकायचे. दुसरं कुठलं सुख तिला आयुष्यानं दिलं होतं, ते तिला आठवत नसे.

हॅस्केलचा एकच नियम होता. काउंटरपलीकडे हत्यार द्यायचं तर आधी उघडायचं, रिकामं आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायचं, आणि उघडंच हातात द्यायचं. गिऱ्हाइकानंही पुन्हा बघायचं. "न उघडलेलं पिस्तूल भरलेलंच समजायचं," तो म्हणायचा, आणि छतातल्या एका भोकाकडे बोट करायचा. ते भोक त्यानं स्वतःच, रिकामं समजलेल्या पिस्तुलानं, पाडलं होतं आणि मुद्दाम बुजवलं नव्हतं. हॅस्केल गेला तेव्हा दुकान त्याच्या मुलाकडे, कोल्बीकडे आलं. कोल्बीनं पहिल्याच आठवड्यात ते भोक बुजवून घेतलं.

तीन हिवाळ्यांपासून वनेटाचे हात दगा देत होते. कारखान्यानं चौदा वर्षांत जे खाल्लं त्याचा हिशेब आता अंगठ्याच्या मुळाशी निघत होता. सकाळी दुकान उघडायच्या आधी ती मागच्या खोलीत जायची, रबरी हातमोजा चढवायची, टेबलाच्या कडेला रेटून एकेका पिस्तुलाचं झाकण मागे ढकलायची आणि खिट्टी लावून ठेवायची. मग दिवसभर ती उघडीच मांडलेली. कुणाला कळत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण जिला स्वतःला झाकण ओढता येत नाही तिला त्या काउंटरमागे कोण उभं करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

एका शनिवारी जोलीन आली. शाळेची बस चालवायची, पहाटे चारला एकटी आगारात जायची, तिथे कुणीतरी गाड्या फोडत होतं. बरोबर नवरा डेल. वनेटानं तिन्ही हत्यारांची ओळ मांडली. जोलीननं मधलं उचललं, ओढलं, परत ओढलं, आणि तिचा चेहरा खुलला.

"हेच बरंय की. मुठीत बसतंय."

"अगं, ते पोटावर फुगणार," डेल म्हणाला. "बसमधली पोरं विचारतील, मॅडम काय लपवलंय?"

"बसमध्ये न्यायचंच नाहीये, डेल. शाळेची बस आहे. आगारापुरतं, गाडीतून."

"आत्ता तिच्या हाताला विचारा, भाऊ," वनेटा म्हणाली. "पहाटे तिच्या हातालाच काम पडणार आहे. तुम्ही घोरत असाल."

जोलीन खुदकन हसली. डेलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं छोटं पिस्तूल उचललं, खिट्टी सोडून झाकण फटकन मिटवलं आणि काचेवर आपटलं. मग मुद्दाम हात पुढे केला. "परत द्या बघू ते."

वनेटाचं लक्ष जोलीनकडे होतं. तिनं पिस्तूल उचललं आणि दिलं. मिटलेलं.

डेलनं ते घेतलंच नाही. दोन्ही हात वर करून मागे सरकला. "कोल्बी! ही बाई न उघडता हातात देतेय बघ."

कोल्बी आला. "वनेटाबाई, उघडा ते."

"डेलनं आत्ताच माझ्यासमोर मिटवलंय."

"उघडा म्हटलं ना."

तिनं धरलं. ओढलं. बोटं तेलावरून घसरली. दुसऱ्यांदा घसरली. तिसऱ्यांदा तिनं पोटाशी धरून जोर लावला आणि अंगठ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी सगळ्यांनी पाहिलं. डेलनं पिस्तूल तिच्या हातातून घेतलं आणि दोन बोटांनी उघडलं.

"रिकामं आहे," तो म्हणाला. "यांना उघडताच येत नाही, आणि या शिकवतायत आम्हाला. म्हणून मधलं चांगलं होय, बाई? तुमच्या हाताला चांगलं?"

त्यात थोडं खरंही होतं, आणि माणूस मोडतो तो या थोड्या खऱ्यानंच. जोलीननं मधलं फ्लॅनेलवर परत ठेवलं. त्यांनी छोटं घेतलं. ते तिलाही ओढता येणार नव्हतं, पण आता ते कोण बघतंय.

सोमवारपासून वनेटा मोज्यांच्या आणि सुक्या मांसाच्या पाकिटांच्या काउंटरवर. "आराम पडेल तुम्हाला," कोल्बी म्हणाला. तिचं हिरवं फ्लॅनेल त्यानं बंदुका पुसायला घेतलं. महिन्याभरात जोलीन मोजे घ्यायला आली आणि हळूच म्हणाली, "एकदा उडवलं, मावशी. हे बघा मनगट. आता खणातच आहे. आगारात कसली जातेय ते घेऊन. डेलला सांगू नका."

"मी कुणाला काय सांगणार, बाई," वनेटा म्हणाली. "मी मोजे विकते."

वर्ष सरता सरता कोल्बीनं तिला निरोप दिला. रीतसर, केक आणून. केकवर तिचं नाव, त्यातही एक अक्षर कमी. जुनी गिऱ्हाइकं जमली. दोन-तीन बायका रडल्या, आणि वनेटाला त्यांचा राग आला, कारण त्या शनिवारी त्यातली एक तिथेच होती आणि काडतुसांच्या खोक्यावरचा मजकूर वाचत उभी राहिली होती.

"बावीस वर्षं!" कोल्बी म्हणाला. "यांना काय द्यावं, आम्ही फार विचार केला." त्यानं डबी उघडली आणि तिच्या तळव्यावर पिस्तूल ठेवलं. दुकानातलं सगळ्यांत छोटं. मिटलेलं. "नाजूक हातांसाठी नाजूक चीज."

टाळ्या वाजल्या. वनेटा त्या पिस्तुलाकडे बघत राहिली. बावीस वर्षांत एकदा, फक्त एकदा तिनं न उघडता दिलं होतं.

"कोल्बी," ती म्हणाली, "उघडून दाखवलं नाहीस."

सगळे हसले. म्हातारीचा विनोद अजून शाबूत आहे, असं कुणीतरी म्हणालं. "अहो, घरचंच आहे," कोल्बी म्हणाला आणि केक कापायला वळला.

तिनं वर पाहिलं. भोक बुजवलेल्या जागी रंग थोडा वेगळा होता, तेवढाच.

घरी तिनं रबरी हातमोजा चढवून टेबलाशी दोनदा खटपट केली. झाकण हललं नाही. शेजारच्याला हाक मारता आली असती. मारली नाही. मोज्यांचा खण ओढून तिनं पिस्तूल आत ठेवलं, तोंड भिंतीकडे करून. त्या दिवसापासून ती मोजे दोरीवरूनच काढून घालते. तो खण उघडत नाही. आत जे आहे ते भरलेलंच समजायचं असतं.