नावाचं लफडं

चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर चार पानं मी संगणकाला, कंपनीला आणि केबलला दोष देत बसेन आणि मूळ गोष्ट शेवटी एका ओळीत उरकेन. मला माझी सवय माहीत आहे. एका भल्या माणसाचं काम मी माझ्या तोंडाने अडकवलं. आणि ज्या बिघाडावरून अडकवलं, तो बिघाड मीच केला होता, तोही अभिमानाने.

मी शाळेत भूगोल शिकवतो. वीस वर्षं मी फळ्यावर पर्जन्यमापक काढत आलो, पण खरा पर्जन्यमापक माझ्या घरी कधी नव्हता. गेल्या दिवाळीनंतर मी धीर केला आणि घरगुती हवामान केंद्राचा संच मागवला. पुंडलिकनगरातल्या आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी नळी उभी केली. तिच्यावर वारा मोजायच्या तीन वाट्या, दिशा दाखवणारा बाण, तापमान टिपणारी पांढरी डबी आणि पाऊस मोजायचं नरसाळं.

"पाऊस संपल्यावर पावसाचं यंत्र," बायको म्हणाली. ती गंगापूर तालुक्यातली. तिच्या माहेरी आभाळ बघून सांगतात आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. "आता लोकांच्या गच्चीवरची धुणी मोजा त्याच्यात."

गच्चीवरून आकडे खाली हॉलमधल्या छोट्या पडद्यावर येत होते. तिथवर सगळं उत्तम होतं. पडद्यावरून केबलने ते संगणकात न्यायचे, आलेख काढायचा आणि रोज सकाळी शाळेच्या फळ्यावर 'आपल्या स्वतःच्या केंद्राची नोंद' लिहायची, असा माझा बेत होता. तो मी शाळेत जाहीरही करून बसलो होतो. त्यासाठी फक्त एक प्रोग्राम संगणकावर चढवायचा होता.

प्रोग्राम चढेना. निळी पट्टी अर्ध्यापर्यंत जायची, थांबायची आणि एक चौकट यायची. तिच्यात इंग्रजीत लिहिलेलं असायचं की अमुक ठिकाणी फाइल तयार करता येत नाही. ते अमुक ठिकाण म्हणजे सी ड्राइव्ह, मग यूजर्स, मग ओळीने सात प्रश्नचिन्हं. मला वाटलं, संगणकालाच प्रश्न पडलाय.

त्या रविवारी मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. केबल उलटी लावून पाहिली. ती उलटी लागतच नव्हती. दुसरी केबल लावली. मागच्या भोकातून काढून पुढच्या भोकात घातली. व्हायरस पकडणारा प्रोग्राम बंद केला. संगणक बंद करून चालू केला, सहा वेळा. कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या, "सर, एकदा रीस्टार्ट करून बघा." मी म्हणालो, सहा वेळा केलाय. त्या म्हणाल्या, "आणखी एकदा." मी केला. शेवटी हॉलमधला पडदा घेऊन मी गच्चीवर गेलो, कारण पडदा आणि केंद्र जवळ आले तर त्यांचं बोलणं सोपं जाईल असं मला वाटलं.

"संगणक खाली हाय ना पण?" बायकोने जिन्यातून विचारलं.

तेव्हा मी उस्तादांना बोलावलं. उस्ताद म्हणजे शहागंजातले संगणक दुरुस्तीवाले. नाव वेगळं आहे, पण सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. आमचा संगणक त्यांनीच तीन वर्षांपूर्वी सुटे भाग जुळवून बनवून दिला होता. माझी त्यांची ओळख पंधरा वर्षांची. रोज सकाळी ते मला फुलांच्या चित्रावर 'सुप्रभात' लिहिलेलं पाठवतात. मी ते रोज न बघता पुसतो.

ते आले, चहा घेतला आणि आपला लॅपटॉप काढून त्यावर तोच प्रोग्राम दहा मिनिटांत चढवला. आलेख दिसायला लागला. म्हणजे हवामान केंद्र ठीक होतं. मग त्यांनी आमच्या संगणकासमोर बसून ती सात प्रश्नचिन्हं पाहिली आणि हसले.

"सर, मशीन चांगलं हाय. ये नाम का लफडा है."

"नावाचं?"

"हौ. नाम का. माझं गिऱ्हाईक दुकानात थांबलंय, आत्ता बसता येत नाय. सोमवारी संध्याकाळी येऊन करून देतो. तवर हात नका लावू."

ते गेले आणि मी विचार करत बसलो. नावाचं लफडं. म्हणजे काय, तर या संगणकाला नाव नाही. नावाजलेल्या कंपनीचा घेतला असता तर प्रोग्राम चढला असता. हा पडला सुट्या भागांचा. माणूस प्रामाणिक म्हणायचा, स्वतःच कबूल करून गेला. त्या अर्थाने मी इतका खूश झालो की दुसरा अर्थ शोधलाच नाही. निदान दोष माझा नव्हता.

आता मुख्य गोष्ट. आमच्या शाळेच्या संगणक कक्षातली मशिनं वर्षभर सांभाळायचं काम कुणाला तरी द्यायचं होतं. उस्तादांनी त्यासाठी अर्ज केला होता. शाळेचं काम मिळालं की बाकीच्या शाळाही बोलावतील, असं त्यांनी मला चहा पिताना दोनदा सांगितलं होतं. दुकानासमोरचा रस्ता खोदल्यापासून गिऱ्हाईक कमी झालं होतं, हेही सांगितलं होतं. मी मान डोलावली होती.

सोमवारी मुख्याध्यापिका मॅडमनी मला बोलावलं. "सर, शहागंजातल्या या गृहस्थांना तुम्ही ओळखता ना? कसं आहे काम?"

मी 'चांगलं आहे' म्हणून उठू शकलो असतो. पण सकाळीच मी फळ्यावर मोबाइलमधलं तापमान लिहून त्याखाली 'आपल्या स्वतःच्या केंद्राची नोंद' असं खोटं लिहिलं होतं, आणि त्याचा राग मला कुठेतरी काढायचा होता. मी म्हणालो, "माणूस चांगला आहे, मॅडम. पण काम जरा कच्चं आहे. माझ्या मशीनवर साधा प्रोग्राम चढत नाही. तो स्वतःच म्हणतो, मशीनला नाव नाही."

मॅडमनी 'अस्सं' म्हटलं आणि अर्ज उचलून काचेच्या गोळ्याखाली ठेवला. त्या गोळ्याखाली गेलेला कागद सहसा बाहेर येत नाही, हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी उस्ताद यायच्या आधी मी त्यांना फोन केला. "राहू द्या, उस्ताद. मी बघतो काहीतरी."

"सर, पाच मिनिटांचं काम हाय."

"नको, राहू द्या."

बुधवारी सुप्रभात आलं नाही. शाळेने त्यांना माझं मत सांगून 'तूर्त थांबा' असं कळवल्याचं मला कारकुनाकडून समजलं. गुरुवारीही आलं नाही. इतकी वर्षं जी फुलं न बघता पुसली, त्यांची मी सकाळी आंघोळीच्या आधी दोनदा वाट पाहिली. तरीही माझं मन मला सांगत होतं की मी खरं तेच बोललो.

गुरुवारी दुपारी शाळेतून येऊन मी पुन्हा प्रोग्राम चढवायला बसलो. पुन्हा तीच चौकट. बायको बचत गटाची यादी छापायला म्हणून मागे येऊन उभी राहिली.

"तुमचं उरकलं की मला बसू द्या," ती म्हणाली. मग पडद्याकडे बघत थांबली. "अहो, ही प्रश्नचिन्हं कशाची?"

"संगणकाला फाइल सापडत नाही, म्हणून."

"नाय हो. आमच्या गटाची यादी त्या झेरॉक्सवाल्याच्या जुन्या मशीनवर उघडली ना, की बायांची नावं अशीच येतात. अध्यक्षबाई सहा प्रश्नचिन्हं, मी चार. त्याला मराठी वाचता येत नाय." तिने बोट लावून मोजलं. "सात हायत. तुमचं नाव किती अक्षरांचं?"

"तीन."

"तसं नाय. सगळं सुटं सुटं मोजा."

मी मोजलं. माझ्या नावात अक्षरं तीन, पण त्यात एक जोडाक्षर आहे. मूळ व्यंजनं चार, एक पाय मोडल्याची खूण, एक वेलांटी, एक काना. सात.

म्हणजे ती प्रश्नचिन्हं संगणकाची नव्हती. ती म्हणजे मी होतो.

आणि मग मला सगळं आठवलं. फेब्रुवारीत, मराठी भाषा गौरव दिनाला, मी शाळेत भाषण केलं होतं की आपण आपल्या यंत्रांना आपल्या भाषेत हाक मारली पाहिजे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या भरात घरी येऊन मी उस्तादांनी इंग्रजी अक्षरांत काढून दिलेलं खातं पुसून टाकलं आणि माझ्या नावाचं नवं खातं देवनागरीत काढलं. उस्तादांना फोन करून तेही अभिमानाने सांगितलं. तेव्हा ते म्हणाले होते, "सर, नाव दिसायला मराठीत ठेवा, पण फोल्डर इंग्रजीतच राहू द्या. काही प्रोग्रामला आपलं लिहिलेलं वाचता येत नाय." त्यावर मी त्यांना न्यूनगंड या विषयावर सात-आठ मिनिटं समजावलं होतं. ते 'हौ सर, हौ सर' म्हणत राहिले होते.

'नाम का लफडा है' याचा अर्थ नावाचं लफडं एवढाच होता. नाव माझं, लफडंही माझं.

बायकोने इंग्रजी अक्षरांत 'घर' असं लिहून नवं खातं काढलं. त्यात प्रोग्राम चहा उकळायच्या आत चढला. पडद्यावर आमच्या गच्चीवरचा वारा, तापमान आणि शून्य मिलिमीटर पाऊस आलेखासह दिसू लागला. महिनाभर मी या क्षणाची वाट पाहत होतो, आणि आता माझी बघायची हिंमत होईना.

"तुम्ही त्यांना शाळेत काही बोलला नाय ना?" बायकोने विचारलं. मी केबल सरळ करू लागलो. "बोलला," ती म्हणाली आणि यादी छापायला बसली.

शुक्रवारी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं, काना-वेलांटीसकट.

"म्हणजे प्रोग्राम तुमच्यामुळे चढत नव्हता," त्या म्हणाल्या.

"हो, मॅडम."

"त्यांनी आधी सांगितलंही होतं."

"हो."

"आणि फळ्यावरचं तापमान?"

तेही कबूल केलं. विचारल्यावर लपवणं मला जमत नाही. त्यांनी काचेचा गोळा उचलला, अर्ज बाहेर काढला आणि मला म्हणाल्या, "मी त्यांना बोलावते. पण खरं काय ते तुमच्याकडून कळल्याशिवाय ते इथे येतील असं मला वाटत नाही. मीही आले नसते."

शाळा सुटल्यावर मी थेट शहागंजला गेलो. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी उस्तादांचं दुकान बंद असतं, हे पंधरा वर्षं माहीत असून त्या दिवशी आठवलं नाही. पायरीवर बसून राहिलो. शेजारच्या चपलांच्या दुकानदाराने दोनदा विचारलं, कोणता नंबर लागतो.

तीनच्या सुमारास उस्ताद आले. मला बघून थबकले, शटर वर केलं, आत जाऊन स्टुलावरच्या वायरी बाजूला करून मला जागा करून दिली. मागोमाग दोन गिऱ्हाइकंही आत आली. मी रस्ताभर मनात एक वाक्य जुळवलं होतं. त्यांच्या भाषेत माफी मागावी, असा विचार होता.

मी उभा राहून म्हणालो, "उस्ताद, मैं आपका अत्यंत क्षमाप्रार्थी हूँ."

एका गिऱ्हाइकाने विचारलं, "क्या बोले सर?"

"मालूम नहीं," उस्ताद म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "सर, बसा. मराठीत सांगा. तुमची हिंदी आमच्या गल्लीत चालत नाय."

मी बसलो नाही. दोन्ही गिऱ्हाइकं ऐकत होती, ते बरंच झालं. त्यांचं वाईट मी दुसऱ्यासमोर बोललो होतो, तर माफीही दुसऱ्यांसमोरच मागायला हवी होती.

"उस्ताद, मशीन चांगलं आहे. माझं नाव मी मराठीत घातलं म्हणून प्रोग्राम चढत नव्हता. तुम्ही मला आधी सांगितलं होतं, आणि रविवारीही सांगितलंत. मी ऐकलं नाही, आणि शाळेत जाऊन तुमच्या कामाला नावं ठेवली. तुमचं काम माझ्यामुळे थांबलं. आज सकाळी मॅडमना खरं ते सांगून आलोय. माझं चुकलं. मला माफ करा."