नूरुद्दीन डॉट कॉमची धास्ती

माझ्या मुलाला फोटोत शोधायचं असेल तर आधी खांबामागे बघायचं. लग्नातले, ईदेचे, गावच्या जमातीच्या जेवणाचे, सगळे फोटो काढून बसा. नूरुद्दीन कुठेतरी अर्धा सापडेल, नाहीतर कोणाच्या खांद्याआड. लहानपणी असा नव्हता हो. दाभोळच्या खाडीकाठी आमच्या मोहल्ल्यात हा ओरडला की धक्क्यावरची माणसं मान वर करायची. जेद्द्याला आला आणि पाण्यात टाकलेल्या कोऱ्या कापडासारखा आटत गेला.

इथल्या शराफिया भागात, एका गल्लीत कपडे शिवायचं दुकान आहे. इस्पितळातल्या नर्सबायांचे सदरे-विजारी, डॉक्टरांचे पांढरे कोट तिथे शिवतात. दुकान उम्म माजिद नावाच्या सौदी बाईचं. लायसन तिचं, भाडं ती भरते, नूरुद्दीनला पगार देते. कफील, म्हणजे सरकारदरबारी ह्याची जामीन, तीच. ह्याच्या इकाम्यावर, इथे राहायच्या परवान्यावर, 'खय्यात' लिहिलंय, म्हणजे शिंपी. पण बाई येणार कधीतरी, आणि माप घेणारा, कापणारा, गिऱ्हाइकाची कुरकुर ऐकणारा हा. मग लोक म्हणणारच, नूरूचं दुकान. कोणी तसं म्हटलं की माझा मुलगा कात्री खाली ठेवतो आणि सांगतो, "मदामचं आहे. मी कामाला आहे." खरंच आहे ते. पण सांगतो असा, जसा कोणी चोरीचा आळ घेतलाय.

ह्याला कारण आमच्याच गावचा हाशिर. इथे परक्या माणसाने सौदीच्या नावाआड स्वतःचा धंदा चालवला तर तो मोठा गुन्हा. दंड, तुरुंग, आणि मग विमानात बसवून परत, पुन्हा ह्या मुलखात पाय ठेवायचा नाही. हाशिरने तेच केलेलं. मोबाइल दुरुस्तीचं दुकान, कागदावर मालक सौदी, गल्ला हाशिरचा. वर्षानुवर्षं कोणाला पत्ता नाही. मग त्याला मुलगी झाली आणि ह्याने हौसेने पाटी बदलली, 'अफनान मोबाइल'. तपासणीला माणसं आली. त्यांनी कागद बघितले, पाटी बघितली आणि एवढंच विचारलं, "अफनान कोण?" कफीलाच्या घरात त्या नावाचं कोणी नव्हतं. हाशिर हसत म्हणाला, "माझी मुलगी." झालं. खलास. आता तो गावात कोळंबी सोलायच्या शेडवर हिशेब बघतो आणि मुलीला हाक मारतानाही आवाज खाली ठेवतो.

हाशिरचा धंदा खोटा होता, नूरुद्दीनची नोकरी खरी आहे. मी हे हजारदा सांगितलं. तो म्हणतो, "मा, विचारणाऱ्याला काय माहीत?"

मी व्हिजिट व्हिसावर आलेय, नातीची बारावी होईपर्यंत. नूरैन नाव तिचं. खतीजाला, म्हणजे सुनेला, स्वयंपाकात मदत करते आणि दुपारची दुकानात जाऊन बटणं लावते. कोणी बघितलं तर मी फक्त मुलाला भेटायला आलेली म्हातारी, असं त्याने शिकवून ठेवलंय. बटण हातात असताना मी भेटायलाच आलेली असते.

तर एका दुपारी उम्म माजिद आली. मागोमाग डॉक्टर ज्ञानदा, आमची साताऱ्याची मुलगी, इथल्या इस्पितळात असते. दोघींचं आधीच काही ठरलेलं. बाईला दुकानाची वेबसाइट काढायची होती. लोकांनी घरबसल्या माप टाकायचं, कोट घरपोच.

"आधी नाव घ्यावं लागतं काका," ज्ञानदा म्हणाली. "दुकानाच्या पाटीसारखंच, पण ही पाटी जगात कुठूनही दिसते."

झालं. जगात कुठूनही म्हटल्यावर माझ्या मुलाच्या हातातून टाचणी पडली.

"नाव तू निवड," उम्म माजिद त्याला म्हणाली. तिचं अरबी मला नूरुद्दीन नंतर सांगतो, पण हे मला बोटावरून कळलं. बोट त्याच्याकडे होतं.

मग घरात नावांचं वेड लागलं. नूरैन लॅपटॉप घेऊन बसायची आणि बाप खोलीत येरझाऱ्या घालायचा. 'व्हाइट कोट' बघितलं, कोणीतरी घेतलेलं. 'जेद्दा युनिफॉर्म', घेतलेलं. 'सुई-दोरा' मी सुचवलं, तर नात म्हणते, "दादी, इंडिया में ले लिया किसी ने." एवढी नावं कोणी घेऊन ठेवलीत आणि ती ठेवतात कुठे, अल्ला जाणे. आणि एखादं मोकळं सापडलं की हा विचारायचा, "हे ऐकून कोणाचं दुकान वाटतं?"

"दुकानाचं दुकान वाटतं," खतीजा वैतागली. "अहो, नाव म्हटलं की काहीतरी वाटणारच. काहीच न वाटणारं नाव पायजे तर पाटी कोरी लावा."

"कोरी मिळते का?" त्याने नूरैनला विचारलं. चेष्टा नव्हती ती. मी त्याचं तोंड बघितलं आणि हसू गिळलं.

गुरुवारी उम्म माजिद परत आली, हातात खजुरांचा डबा. ह्याने निवडलेली नावं सांगायच्या आधीच तिने फोन पुढे धरला. तिने स्वतः नाव विकत घेतलं होतं. पैसे भरून मोकळी. नूरुद्दीन खय्यात डॉट कॉम.

"सगळ्या नर्सा तुलाच विचारत येतात," ती म्हणाली. "माझं नाव कोणाला माहीत आहे? इतकी वर्षं तू काम केलंस. हे तुझं बक्षीस."

नूरुद्दीन "शुक्रन मदाम, शुक्रन" म्हणत राहिला, थांबेचना. बाई खूश होऊन गेली. त्याने शटर खाली ओढलं आणि आतल्या अंधारात कापडाच्या गठ्ठ्यावर बसला. माणसाचं तोंड इतकं पांढरं मी मय्यतीतच बघितलंय.

"आता कोणीही विचारेल, मा. नूरुद्दीन कोण?"

घरी बिर्याणी होती, त्याने शीत तोंडाला लावलं नाही. नको म्हणावं तर कफीलाचा अपमान. इकाम्याची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती, ती वाढवायची की नाही हे बाईच्या हातात. हो म्हणावं तर हाशिरची वाट. आणि ह्याचा इकामा गेला की बायकोचा गेला, मुलीचा गेला. आणि तिचं बारावीचं वर्ष.

"अब्बा, यू आर ओव्हररिअ‍ॅक्टिंग," नूरैन म्हणाली.

"तू अभ्यास कर," तो ओरडला. किती दिवसांनी ओरडला! आणि लगेच उठून खिडकी लावून आला.

दोन दिवस तो दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जायचा. जाराच्या पाण्याचा माणूस आला तरी. खरं सांगते, मग मलाही भीती धरली. भीती अशीच असते, घरात एकाला सर्दी झाली की सगळे शिंकतात. जिन्यात पावलं वाजली की मी तसबीहची माळ घट्ट धरायची.

शेवटी मीच म्हटलं, "चल, बाईच्या घरी जाऊ. मी येते. म्हातारी सोबत असली तर ती तुला दारातून घालवणार नाही."

उम्म माजिदच्या दिवाणखान्यात गालिचा एवढा मऊ की माझा पाय कुठे टेकला ते कळेना. कहवा आला. नूरुद्दीनने पेला हातात धरला, प्यायला नाही. मग अडखळत बोलला. काय बोलला ते मला ठाऊकच होतं, वाटेत चारदा म्हणून घेतलेलं.

बाईच्या कपाळाला आठी पडली. ती ताडकन काही म्हणाली. नूरुद्दीनने मान खाली घालून मला सांगितलं, "म्हणते, माझ्या दुकानाला तुझं नाव लावायची तुला लाज वाटते?"

"सांग तिला हाशिरचं."

"मा, नको."

"अफनान कोण?" मीच मोठ्याने म्हटलं, मराठीत. बाई माझ्याकडे बघायला लागली. मग त्याला सांगावंच लागलं. पाटी, तपासणी, तो एक प्रश्न, हाशिरचं हसून दिलेलं उत्तर.

बाई ऐकत गेली तशी तिची आठी उतरली आणि त्या जागी दुसरंच काही आलं. तिने विचारलं, हाशिरच्या कफीलाचं काय झालं?

"त्यालाही दंड झाला. दुकानाचं लायसन गेलं."

तिने फोन उचलला, भावाला लावला, उठून आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोक्यावरची ओढणी दोन्ही हातांनी सारखी करत होती. मी आजवर कफील रागावलेला ऐकला होता. घाबरलेला पहिल्यांदाच बघितला.

"नाव बदलू," ती म्हणाली. "माझंच घालू. उम्म माजिद." आणि मग हळू आवाजात, "तू कोणाला दाखवलंस का ते?"

"नाही मदाम."

"मीही नाही दाखवणार."

इकामा वाढला. वेबसाइट निघाली, उम्म माजिदच्या नावाने, आणि पांढरे कोट रियाधपर्यंत जायला लागले. मला वाटलं, सुटला माझा लेक.

पण मग ज्ञानदा कोट न्यायला आली. नूरुद्दीनने तिला विचारलं, ते पहिलं नाव कधी पुसलं जाणार?

"पुसलं नाही जात काका. वर्षभर मदामच्या खात्यात पडून राहील. बंद आहे ते, काही उघडत नाही."

"आणि वर्षानंतर?"

"सोडून दिलं तर कोणीही घेईल. दुसरा एखादा नूरुद्दीन शिंपी असेल."

मला वाटलं बरं झालं, जाऊ दे दुसऱ्याकडे. पण माझ्या मुलाच्या मनात सुई कुठे टोचते ते मला अजून पुरतं कळलेलं नाही. दुसऱ्या कोणी त्या नावाने दुकान उघडलं, काही भानगड केली, तर लोक म्हणतील शराफियाचाच हा. म्हणजे नाव सोडायचीही सोय नाही. दर वर्षी बाईला सांगून ते परत घ्यायचं, आणि बंद ठेवायचं. बाईनेही लगेच हो म्हटलं.

आता रोज सकाळी नूरैन शाळेचा गणवेश घालून उभी असते, दप्तर खांद्यावर. बाप चपला घालून दारात.

"बघ जरा," तो म्हणतो.

ती मोबाइलवर त्याचं नाव टाकते. तो मान पुढे काढून बघत नाही, भिंतीकडे बघतो.

"कुछ नहीं है, अब्बा. पेज खुलता ही नहीं."

"नीट बघितलंस?"

"नीट बघितलं." हे ती मराठीत म्हणते, त्याच्यासाठी.

मग तो बिस्मिल्ला म्हणून जिना उतरतो. आणि मी वरून ऐकत राहते, खाली पोचेपर्यंत त्याचं पाऊल मध्येच कुठे थांबत तर नाही ना.