कार्बुरेटरची पूजा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारी दुरुस्त करणाऱ्याचं एक छोटं गॅरेज आहे. खंडेनवमीच्या सकाळी तो आपले पाने, पकडी रॉकेलनं धुऊन पाटावर मांडतो, त्यांवर झेंडूची फुलं वाहतो, आणि रॉकेल, झेंडू, उदबत्ती यांचा मिळून एक वास माझ्या खिडकीपर्यंत येतो. यंदाही आला. पूर्वी मी खिडकी लावून घेत असे. आता घेत नाही. बधिर झालेल्या बोटाला सुई लागावी, तसं काहीतरी टोचल्याचं नुसतं कळतं.

संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. आमचे हे तेव्हा उस्मानाबादला वकिली करत. एका जहागीरदारांनी हौस संपल्यावर काढून टाकलेली जुनी मोटार यांनी घेतली आणि आमच्या घरात एक कायमचं आजारी माणूस आलं. गावात तिचा वैद्य नव्हता; मिस्त्री आणायचा तर बार्शी नाहीतर सोलापूर गाठावं लागे. तेव्हा हेच बाह्या सरसावून तिच्या पोटात शिरू लागले. इंजिन खोलून पुन्हा जोडलं की दोन नट हमखास उरायचे. ते घरातल्या एका डब्यात साठत गेले, आणि नटांवाचूनही मोटार चालते, याचा यांना अभिमान वाटे. इंजिन सुरू करायचं हँडल उलटं फिरून एकदा मनगट मुरगळलं, तेव्हा पंधरा दिवस कोर्टात डाव्या हातानं सह्या केल्या. पंख्याचा पट्टा तुटला तर माझ्या जुन्या लुगड्याचा काठ पिळून बांधला. तो मैलभर टिकला. मी हसायची, हेही हसायचे. ते हसणं मला आठवतं, त्याचा आवाज मात्र आता आठवत नाही.

त्या वर्षी नवरात्रात माझ्या माहेराहून, भूमहून पत्र आलं. माझे वडील अंथरुणाला खिळले होते आणि लेकीला एकदा बघायचं आहे, एवढंच म्हणत होते. दसऱ्याला निघायचं ठरलं. वाटेत दगा नको म्हणून यांनी अष्टमीच्या संध्याकाळी कार्बुरेटर साफ करायला खोलला, पण अंधार पडला आणि काम अर्धं राहिलं. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. पूजेला मांडलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत उचलायची नाहीत, हा आमच्या घरचा नेम. यांचे पाने म्हणजे यांची हत्यारंच. त्यामुळे मोटार बॉनेट वर करून तशीच उभी राहिली. अंघोळीला जाताना हे मला म्हणाले, "पूजा करशील तेव्हा तेवढं उघडं आहे ते फडक्यानं झाकून घे."

मी झाकलं नाही. झाकलेल्या यंत्राची कसली पूजा, असं मला वाटलं. उद्या हेच यंत्र मला वडिलांकडे नेणार होतं. मी उघड्या कार्बुरेटरवरच हळद वाहिली, चिमूट भरभरून कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडून म्हटलं, मला वेळेवर पोचव. मग भानावर येऊन दिसले तेवढे तांदूळ वेचले, फुंकर मारली, वरून फडकं टाकलं. यांना काही बोलले नाही. इतक्याशा कुंकवानं काय होणार होतं?

दसऱ्याला सकाळीच पाने उचलून यांनी घाईघाईनं सगळं बसवलं. मोटार एका हँडलात सुरू झाली. येडशी मागं पडली आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडलं. यांनी उतरून जेट काढला, म्हणजे पेट्रोल जिच्यातून झिरपतं ती सुईच्या छिद्राएवढी पितळी नळी. तोंडानं फुंकून बसवला. दोन मैल गेलो, पुन्हा बंद. पुन्हा जेट, पुन्हा फुंकर. तिसऱ्या खेपेला एक बैलगाडीवाला थांबला.

"काय झालं मालक? तेल सरलं व्हय?"

"नाही. कचरा आलाय."

"मंग बैलं जुंपू का? पर लई येळ लागंल."

हे वळले तेव्हा यांच्या ओठांवर कुंकू होतं. फुंकताना जेटमधून निघालेलं, पेट्रोलनं भिजलेलं. यांनी बोटानं ओठ पुसला, बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि बोट धोतराच्या सोग्याला पुसून पुन्हा बॉनेटखाली वाकले.

भूमला पोचलो तेव्हा लोक सोनं लुटून परतत होते. आमच्या दारात मात्र माणसं खाली मान घालून बसली होती. वडिलांना जाऊन तास झाला होता. आई मला म्हणाली, "सारखं इचारत हुते, मोटारीचा आवाज आला का गं, म्हून." मग पदर सावरून यांना म्हणाली, "जावईबापू, एक डाव तरी मिस्त्र्याकडून नीट करून घ्यायची हुती तुमी."

"चुकलं माझं," हे म्हणाले. "बसवताना कचरा राहिला माझ्या हातून."

मी तिथंच उभी होते. तोंड उघडलं असतं तर शब्द निघाला असता, पण उघडलं नाही. रडूही आलं नाही. अंगातलं सगळं कुठंतरी लांब गेल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर ते पुरतं परत आलंच नाही.

त्यानंतर आई कधी यांच्या मोटारीत बसली नाही. माहेरच्या पंगतीत यांच्या मिस्त्रीगिरीची चेष्टा निघे, तिला धार असे. हे मान खाली घालून जेवत आणि मी वाढत असे. फार वर्षांनी एकदा मी म्हटलं, "त्या दिवशीचं ते..." यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. म्हणाले, "गंज होता तो. मी पाहिला होता." मी ते मानून घेतलं. मानून घेणं सोयीचं होतं.

शेवटच्या दुखण्यात आईनं मला उशाशी बसवलं. म्हणाली, "जावईबापूंना सांग, माज्या मनात आता काय बी न्हाय. म्या माफ केलं त्यास्नी." तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो, आणि तिला ऐकू नीट येत होतं. मी "हो" म्हटलं. घरी आल्यावर तो निरोप जसाच्या तसा यांना सांगितला. हे वर्तमानपत्र वाचत होते. यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"बरं झालं," म्हणाले. "तुझ्या जिवाला लागलं होतं ते."