मामंजींची कीड

आमचे मामंजी कुणाकडेही गेले तरी आधी अंगणातल्या झाडाची पानं उलटून बघत, मग चहाला बसत. खिशात भिंग असायचंच. सासूबाई म्हणायच्या, "ह्यांना पानामागचं सगळं दिसतं, समोरचं माणूस तेवढं दिसत नाही!"

ही खोड निवडुंगापायी लागली. रत्नागिरीजवळच्या आमच्या वाडीत फड्या निवडुंगानं गुरांचं रान आणि विहिरीची वाट गिळली होती. तोडावा तर पडलेला प्रत्येक तुकडा रुजायचा. मग आगबोटीनं आलेला शेतकी खात्याचा माणूस टोपलीभर किडलेला निवडुंग घेऊन आला. कापसासारखी पांढरी कीड. चिरडली की बोट रक्तासारखं लाल. "निवडुंगाशिवाय कशालाच तोंड लावत नाही," तो म्हणाला. शेजारचे अण्णा उसळले, "आणि आंब्याला लावलंन तर? आम्ही काय निवडुंग खायचा?"

मामंजींनी सगळ्यांदेखत किडलेला एक तुकडा आपल्या सर्वांत चांगल्या आंब्याच्या कलमाला बांधला. "खाल्लंन तर आधी माझं खाईल. मग टोपली जाळा." बोलून बसले खरे, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवणातलं लक्षच उडालं हो! पेजेचा घोट टाकून बागेत पळायचे.

रानात सोडलेल्या किडीनं निवडुंग पिवळा पडून कोसळायला लागला, विहिरीची वाट मोकळी झाली. आणि एका सकाळी कलमाच्या पानामागे पांढरं दिसलं. मामंजी चिरडायला वाकले. बोट पुढे करायचे, मागे घ्यायचे. "सूनबाई, तू चिरड. माझ्याच्यानं होत नाही." त्यांच्यासमोर मी कधी मान वर केली नव्हती. डोळे मिटून चिरडलं. पिवळं पाणी! आंब्यावरची नेहमीचीच कीड. मामंजी मटकन चिऱ्यावर बसले. "परत एकदा दाखव गो," म्हणाले.

तरी काळजी सुटली नाही. "निवडुंग संपला. आता ती उपाशी आहे. उद्या आंबा खाल्लंन तर?" वाडीतले सगळे विसरले, अण्णासुद्धा. मी मात्र वर्षानुवर्षं रोज सकाळी कलमाची पानं उलटायची, पांढरं दिसलं की चिरडायची आणि मामंजींना बोट दाखवायची. ते अंथरुणाला खिळले तेव्हाही आधी बोट, मग औषध. मला कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू?

एके दिवशी तशीच गेले. "मामंजी, पिवळंच आहे."

त्यांनी बोटाकडे बघितलंच नाही. "राहू दे गो. हात धू आणि बस जरा."

इतक्या वर्षांत बोट न बघता त्यांनी मला कधी सोडलं नव्हतं. बोट पदराला पुसत मी सासूबाईंना हाक मारली.