सुपुर्दगीतला बाळकृष्ण

आधी चहा घ्या. हा किस्सा ऐकल्यावर माझ्या घरचा चहा तुम्हाला गोड लागेल, याची मला खात्री नाही. तशी मला कशाचीच खात्री नसते. पण त्या दिवशी होती हो! आयुष्यात एकदाच होती, आणि तिनेच घात केला.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आम्ही काशीत ब्रह्मा घाटाजवळच्या गल्लीत राहायचो. न्यायशास्त्र शिकवून मी निवृत्त झालो होतो. डोंगरावर धूर दिसला की तिथे आग आहे असं अनुमान काढायचं, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. आता सगळ्यांना माझा धूर कधी दिसतो एवढंच बाकी होतं, कारण माझ्या मानेत एक गाठ आली होती. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला आणि म्हणाले, "घाबरू नका." मला! मी तिथल्या तिथे मनात माझ्या तेराव्याच्या पंगती वाढायला घेतल्या. त्यातही लाडू कमी पडले.

त्यातच जवळच्या एका मठातला अष्टधातूचा बाळकृष्ण चोरीला गेला. चौकीच्या दरोगाजींनी गल्लीतल्या लोकांची बैठक घेतली. "पुलिस अकेले क्या करेगी? आप लोग आँख-कान खुले रखिए. कुछ भी अजीब दिखे, बताइए. नाम गुप्त रहेगा."

मला गाठ सोडून दुसरीकडे बघायला काहीतरी हवंच होतं. मी बघायला लागलो.

एका सकाळी गच्चीत उभा होतो. शेजारचे दामूअण्णा अंगणात आले. दामूअण्णा म्हणजे याज्ञिक. देशावरून श्राद्धाला येणारे यजमान त्यांच्याकडे उतरायचे, त्यावरच त्यांचं घर चालायचं. त्यांनी आमच्या घराकडे चोरून पाहिलं. उपरण्याखालून एक छोटी मूर्ती काढली, तांब्याच्या घंगाळात पाण्यात सोडली. मग दुसरी, मग तिसरी. वर पंचा टाकला, पंच्यावर पाट. पुन्हा आमच्याकडे पाहिलं आणि आत गेले.

आता सांगा, धूर आणखी कसा दिसायचा?

सुमतीला, म्हणजे बायकोला, विचारलं असतं तर? पण गुप्त माहिती घरात बोलायची नसते, असं माझं मत पडलं. मी चौकीत जाऊन तक्रार लिहून दिली. उत्तम हिंदीत. सहीसुद्धा झोकात केली.

दुपारी दरोगाजी दोन शिपायांसह गल्लीत आले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "अरे प्रोफेसर साहब! आपने यही घर बताया था न?"

झालं माझं नाव गुप्त.

वर ते म्हणाले, "तलाशी में मुहल्ले के दो इज़्ज़तदार गवाह चाहिए. एक पानवाला मिल गया. आप भी आ जाइए." पण कायदा मी वाचला होता. म्हटलं, "आधी तुमची झडती. पोलिसांनी आत काही नेऊन ठेवलं नाही, हे आम्हाला बघायला हवं."

"हमारी?"

"नियम आहे."

एका शिपायाच्या खिशातून तंबाखूची डबी निघाली, दुसऱ्याच्या खिशातून अर्धं केळं. पानवाला म्हणाला, "गुरुजी, केलवा जब्त कर लें?" गल्ली हसली. दामूअण्णा दारात उभे होते, ते मात्र हसले नाहीत. त्यांच्याकडे उतरलेले यजमान ओसरीवर आपल्या वळकट्या बांधायला लागले होते.

"नाना, हे काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं.

"काही नाही अण्णा, सहकार्य."

पंचा उचलला. घंगाळाच्या तळाशी एक गणपती, एक अन्नपूर्णा आणि एक रांगता बाळकृष्ण! दरोगाजींनी मिशीवर बोट फिरवलं. "पंडितजी, चौकी चलिए."

आता माझं कायद्याचं ज्ञान पुन्हा उसळलं. म्हटलं, "अटक करताय का? मग कारण सांगावं लागेल."

"कारण?" दरोगाजी म्हणाले, "कारण तो आप ही हैं, प्रोफेसर साहब!"

तेवढ्यात वहिनी, दामूअण्णांची बायको, पुढे आल्या. रडत नव्हत्या. रडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"भावजी, तुमच्या गाठीसाठी देव पाण्यात घातलेत यांनी. तुमचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत. तुम्ही पाहिलंत तर आणखी घाबराल, म्हणून चोरून घातले."

ही रीत मला ठाऊक नव्हती का? माझ्या मॅट्रिकला खुद्द माझ्या आईने देव पाण्यात ठेवले होते! पण चोरी, मठ, गाठ... या सगळ्या विचारांत एवढं साधं आठवायला जागाच उरली नव्हती.

मी दरोगाजींना म्हटलं, "मी तक्रार मागे घेतो. हे यांच्या घरचे देव आहेत. रांगता बाळकृष्ण आमच्याकडे घरोघरी असतो."

"घर-घर में है? तब तो सबकी तलाशी लें?"

शेवटी इतकं झालं की दामूअण्णांना नेलं नाही. पण मठाचा पुजारी गावी गेला होता. तो येऊन मूर्ती ओळखेपर्यंत तिन्ही देव जप्त. मात्र दरोगाजी मूर्तींना हात लावेनात. "भगवान को मालखाने में बंद करूँ? बाल-बच्चेदार आदमी हूँ. किसी भले आदमी की सुपुर्दगी में दे देता हूँ."

"यांनाच द्या," दामूअण्णा म्हणाले. "घंगाळासकट."

सुपुर्दगीचा, म्हणजे देव सांभाळायला घेतल्याचा, कागद लिहिताना मी हळूच सुचवलं, "जशा स्थितीत मिळाले तशाच स्थितीत ठेवीन, असं घाला. पुढे घोळ नको." दरोगाजींनी आनंदाने घातलं.

तेव्हापासून घंगाळ आमच्या ओसरीत. रोज पाणी बदलायचं काम माझं. दामूअण्णा सकाळी सोवळ्याने येऊन दोन फुलं वाहून जायचे. माझ्याशी बोलायचे नाहीत. ते यजमान त्याच दुपारी दुसऱ्या गुरुजींकडे गेले होते, आणि त्यांच्यामागून पुष्कळजण गेले. वहिनींनी सुमतीकडे येणं सोडलं. सुमतीनेही मला चहा विचारणं सोडलं. मी स्वतः करायला शिकलो. तोच तुम्ही पिताय.

मग रिपोर्ट आला. गाठ साधी होती! मी धावत ओसरीत आलो. दामूअण्णा फुलं वाहत होते. त्यांनी रिपोर्ट ऐकला, डोळे मिटून हात जोडले. मग इतक्या दिवसांनी प्रथमच बोलले, "चला नाना, आता देव वर काढू."

"अण्णा... काढता येत नाहीत."

"का?"

"पुजारी अजून आला नाही. आणि तशाच स्थितीत ठेवीन, असं मी लिहून दिलंय."

"लिहून मागितलं कुणी?"

"मीच सुचवलं."

दामूअण्णांनी बाजूला ठेवलेला पंचा पुन्हा उचलला.

"मग आता कशासाठी पाण्यात आहेत म्हणायचे?" मी भीत भीत विचारलं.

त्यांनी पंचा नीट पसरला, पाट ठेवला आणि उठता उठता म्हणाले, "राहू द्या, नाना. आता तुमच्या डोक्यासाठी. तो रिपोर्ट काही लवकर चांगला यायचा नाही."